ऑडिशनला हशा पिकला म्हणून...

विनोदी नाटकाच्या ऑडिशनला जो सगळ्यांना हसवतो, त्याच्याकडे मी आता जरा संशयानेच बघतो. नाटक ओळखीच्या घोटाळ्याचं असेल तर जास्तच.

आमच्या हौशी मंडळाने 'अंमलदार' करायला घेतलं होतं. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेलं नाटक. तपासणीला वेष पालटून कोणी बडा अधिकारी येणार या धास्तीने लाचखाऊ मंडळी भलत्याच फाटक्या पोराला तो अधिकारी समजतात, ही मूळ गंमत. मी प्रॉम्प्टिंगला होतो, त्यामुळे ऑडिशनपासून प्रयोगापर्यंत सगळं बसून पाहिलं. एका नकलाकार पोराने वाचनात असे काही आवाज काढले की चहा देणारासुद्धा दारात थबकला. भूमिका तिथल्या तिथे त्याला मिळाली.

तालमीत कळलं ते असं, की हा गडी प्रत्येक वाक्य 'बघा, कसा फसवतोय' अशा थाटात टाकतो. मग समोरचे अधिकारी नुसते मूर्ख दिसायला लागले. त्यांची भीती गेली आणि भीती गेल्यावर त्या नाटकात उरतं काय? प्रमुख अधिकारी करणारा आमचा जुना, कसलेला नट शेवटी म्हणाला, "अरे, मी घाबरू कोणाला?" प्रयोगाला पहिला अंक हसला, पुढचे प्रेक्षकांनी सभ्यपणे पाहिले.

हे दुखणं जुनं आहे. 1836 साली पीटर्सबर्गला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा नटाने तो तरुण सराईत थापाड्या म्हणून रंगवला आणि गोगोल हिरमुसला. त्याच्या मते तो ठरवून फसवणारा नव्हेच. बोलता बोलता आपल्याच थापा त्याला खऱ्या वाटायला लागतात. नट हसवण्याचा विचार जितका कमी करेल तितकी भूमिका जास्त हसवेल, असंही त्याने पुढे नटांसाठी लिहून ठेवलं.

तेव्हा ऑडिशनला जाण्याआधी संहिता पूर्ण वाचा आणि एकच गोष्ट शोधा: भलताच समजला गेलेला माणूस ते जाणून आहे का? 'मोरूची मावशी'त मावशी झालेल्याला सगळं ठाऊक असतं, प्रेक्षक त्याच्या कटात सामील असतात. तिथे डोळा मारलेला चालतो, चांगला लागतोही. 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये जुळ्यांच्या दोन जोड्या, आणि शेवटपर्यंत कोणालाच पत्ता नाही. तिथे डोळा मारलात की नाटक संपलं. मिळालेला उतारा गंभीरपणे वाचा. दुसरा वाचत असताना आपल्या पुढच्या वाक्यावर बोट ठेवून बसू नका, त्याच्याकडे बघा. या जातीच्या नाटकात हशा बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो.

ऑडिशन घेणाऱ्यांनीही एकेकट्याला उभं करू नये. जोडीने वाचायला द्या, मग भूमिकांची अदलाबदल करा. फसणाऱ्याचं काम ज्याला मनापासून जमतं, त्याला बहुधा दुसरंही जमतं. उलट फारसं घडत नाही. जुळे हवे असतील तर चेहऱ्यांच्या मागे लागू नका. कपडे आणि टोपी सारखी असली की प्रेक्षक उरलेलं आपण होऊन मान्य करतात. चाल आणि बोलण्याची लय मात्र वेगळी हवी, कारण रंगमंचावरच्यांचा गोंधळ उडाला पाहिजे, खुर्चीतल्यांचा नाही.

आणि तारखा. यावर हौशी मंडळी फार भिडस्त असतात. कारखान्यातली पाळी कधी बदलते, घरात लग्न आहे का, मुलगी दहावीला आहे का, हे ऑडिशनच्या कागदावरच लिहून घ्या. गंभीर नाटकात एकाचा खाडा झाला तर त्याची वाक्यं दुसरा वाचतो आणि तालीम पुढे सरकते. इथे सगळी मदार कोण कोणत्या दारातून, नेमका कधी आत येतो यावर. तो आलाच नाही तर त्याला ओळखण्यात चूक करणारे चौघे रिकाम्या दाराकडे बघत उभे राहतात.