मुलांचा खेळ आणि घराभोवतीचा परिसर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल आवश्यक आहे. २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली या निकषास उतरत नव्हती; भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. याचा दोष मुलांच्या आळसाला वा मोबाइलला देणे सोयीचे असले, तरी खेळण्याच्या जागेचा पुरवठा हा यातील मोठा प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहण्यास एकच खोली होती. अशा घरातील मुलांना अंगण, ओटा वा गल्ली हेच क्रीडांगण. गल्लीत मोटारी उभ्या राहू लागल्या की तेही जाते. मोटार उभी करणारा त्या जागेचे मोल देत नाही. ते शेजारची मुले चुकवतात. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात.

नियोजनात वापरला जाणारा 'दरडोई मोकळी जागा' हा निकष येथे काहीसा फसवा ठरतो. शहराच्या टोकाला विस्तीर्ण उद्यान असले की आकडा फुगतो. आठ वर्षांच्या मुलाला मात्र त्याचा उपयोग नसतो. त्याला एकट्याने, पायी, मोठा रस्ता न ओलांडता पोहोचता येईल अशी जागा हवी. ल कार्बुझिए यांच्या चंदीगडच्या आराखड्यात हा विचार दिसतो. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब सेक्टर, जलद वाहतूक त्याच्या कडेने आणि मधून जाणारा हरित पट्टा व त्यात शाळा. मुलींच्या बाबतीत अंतराची किंमत आणखी वाढते, कारण सोबतीला जाणाऱ्या आईचा वेळ त्यात मोजावा लागतो. हा वेळ कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्राथमिक शाळांसाठी क्रीडांगण हा एक निकष आहे. शाळा सुटल्यावर ही मैदाने वस्तीतील मुलांना खुली केल्यास नवे भूखंड संपादन करावे लागणार नाहीत. खर्च येईल तो रखवालदार व दिव्यांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे. मैदान मात्र शाळेच्या ताब्यात असते. देखभालीचा खर्च कोणी उचलावा, हे ठरेपर्यंत फाटकाला कुलूप राहते.