पैसा गेला कुठे, ते विचार

अगं, मॉडेल युनायटेड नेशन्सच्या कमिटीत नायजेरिया मिळाला म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मैत्रिणींना अमेरिका, फ्रान्स मिळाले म्हणून तुला वाटतंय की त्यांनीच बाजी मारली. पण अजेंडा भ्रष्टाचाराचा आहे, आणि या विषयावर तुझ्याकडे सांगण्यासारखं जेवढं आहे तेवढं त्या दोघींकडे मिळून नाही.

आधी एक ऐक. भ्रष्टाचार ही समाजाला लागलेली कीड आहे, या वाक्याने भाषण सुरू करू नकोस. निम्मे डेलिगेट तेच बोलतील आणि चेअर घड्याळाकडे बघत बसतील. कीड आहे हे सगळ्यांना मान्यच आहे. खरा वाद पैशाचा आहे. तो गेला कुठे, परत कोण आणणार, आणि आलाच तर कोणाच्या हाती पडणार?

तुझ्याच देशाचं बघ. सानी अबाचा हा लष्करशहा १९९३ ते १९९८ तिथे सत्तेवर होता. त्याच्या गोतावळ्याने लुटलेला पैसा युरोपातल्या बँकांत निघाला. डिसेंबर २०१७ मध्ये करार झाला आणि स्वित्झर्लंडने सुमारे ३२ कोटी डॉलर परत करायचं कबूल केलं. अट अशी की पैसा गरीब कुटुंबांना थेट मदत म्हणून जाईल आणि जागतिक बँक त्यावर लक्ष ठेवेल. मग तू उभी राहा आणि विचार, पैसा आमचा, तर अट तुमची का? स्वित्झर्लंडचा डेलिगेट म्हणेल, परत दिलेलाही पुन्हा लुटला गेला तर? दोघांचंही खरं आहे. म्हणून अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे मोकळ्या चर्चेच्या वेळेत, आपल्याच ग्रुपमध्ये घोळका करू नकोस, त्याच्याशी जाऊन बोल. रिझोल्युशन तिथेच तयार होतं.

भ्रष्टाचारविरोधी करार नीट वाच. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो ऑक्टोबर २००३ मध्ये मंजूर केला आणि ९ डिसेंबरला मेक्सिकोतल्या मेरिडा शहरात सह्या सुरू झाल्या. म्हणून ९ डिसेंबर हा भ्रष्टाचारविरोधी दिन. परतफेडीचं कलम ५७ वं. पण जास्त महत्त्वाचं सांगते. प्रत्येक देशाची तपासणी चिठ्ठ्या टाकून निवडलेले दुसरे दोन देश करतात. सारांश जाहीर होतो, पूर्ण अहवाल जाहीर करायचा की नाही हे त्या देशाच्या मर्जीवर. इथे बोट ठेव. पूर्ण अहवाल लोकांपुढे यावा, एवढं एकच कलम तुझ्या नावावर रिझोल्युशनमध्ये गेलं तरी पुष्कळ झालं.

भारताच्या डेलिगेटलाही प्रश्न विचार, आपला देश म्हणून कचरू नकोस. आपण २००५ मध्ये सही केली, २०११ मध्ये करार स्वीकारला. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणारं विधेयक त्याच वर्षी लोकसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. हे बोलल्याने देशाचा अपमान होत नाही, बाई. ज्याला घराची काळजी असते तोच गळतं छप्पर दाखवतो.

आणि नायजेरियावर बोलताना आपली वैनगंगा विसरू नकोस. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या शेतकऱ्यांसाठीचं हे पाणी, आणि तीन दशकं उलटली तरी काम चालूच होतं. विदर्भातल्या सिंचनाची प्रकरणं जनहित याचिकांमधून आपल्याच नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेली, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. हे आधी समजून घे, म्हणजे नायजेरियातल्या शेतकऱ्याबद्दल बोलताना तुझा आवाज उसना वाटणार नाही.

त्याच भ्रष्टाचारविरोधी कराराचं १३ वं कलम म्हणतं, सरकारने लोकांना माहिती द्यावी आणि सहभागी करून घ्यावं. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला होता, केंद्राचा आला २००५ मध्ये. आता हे कलम तू स्वतः वापरून बघ. बेस्ट डेलिगेटचं बक्षीस मिळो वा न मिळो, कमिटी संपली की तुमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडबद्दल एक अर्ज लिही. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर अपील आहे. भाषणात जो प्रश्न स्वित्झर्लंडला विचारलास तोच महानगरपालिकेला विचारायचा आहे, पैसा कुठे गेला. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.