भूगर्भांतील धन आणि सरकारचा परवाना

खनिज सांपडलें कीं संपत्ति हातीं आली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु भूमींत खनिज असणें आणि तें काढण्याचा अधिकार असणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी होत. हा भेद न ओळखतां जो गृहस्थ खाण-कंपनीचे भाग विकत घेतो, तो आपल्या कष्टाची शिल्लक संकटांत घालतो. ग्रीनलंडांतील एका उदाहरणानें हा विषय आम्हीं येथें मांडीत आहों.

ग्रीनलंड हें डेन्मार्कच्या राज्यांतील विशाल, हिमाच्छादित बेट. त्याच्या दक्षिण भागांत नार्साक नांवाचें लहानसें गांव असून त्याच्या जवळच क्वानेफ्येल्डचा डोंगर आहे. तेथील खडकांत, चुंबक बनविण्यास लागणारे दुर्मिळ मृदाधातु आणि युरेनियम हीं एकत्र मिसळलेलीं आहेत. एक काढूं गेल्यास दुसरें बाहेर येतेंच. ग्रीनलंड मिनरल्स या ऑस्ट्रेलियन कंपनीनें २००७ सालापासून तेथें शोध चालविला.

युरेनियम काढण्यास तेथें १९८८ पासून मनाई होती. ती २०१३ सालीं विधिमंडळानें उठविली. बाजूनें १५ मतें पडलीं व विरुद्ध १४! एका मताच्या टेकूवर उभी असलेली परवानगी एका निवडणुकीनेंहि कोसळूं शकते, हें चतुर वाचकांच्या ध्यानीं येईलच. घडलेंहि तसेंच. खाणीमुळें कांहींना रोजगाराची आशा होती. परंतु किरणोत्सर्गी धूळ व गाळ यांमुळें आपलीं कुरणें व समुद्र बिघडेल, अशी भीति अनेकांस वाटत होती. २०२१ च्या एप्रिलांत खाणीस विरोध करणारा पक्ष विजयी झाला, आणि त्याच वर्षीं नवा कायदा झाला. ज्या खडकांत दर टनास १०० ग्रॅमांहून अधिक युरेनियम असेल, त्याचें उत्खनन त्यानें निषिद्ध ठरविलें. क्वानेफ्येल्डचा खडक या मर्यादेपलीकडचा होता. पुढें २०२२ सालीं कंपनीनें लवादाकडे दाद मागितली.

भागधारकांस शंका कां येते, तें आतां पाहूं. शोध करण्याचा परवाना म्हणजे खाण चालविण्याचा परवाना नव्हे. पहिला मिळून दुसरा न मिळाल्यास कंपनीस उत्पन्न नसतें. खर्च मात्र चालूच असतो. तो भागविण्यास ती नवे भाग विकते, आणि जुन्या भागधारकाचा वांटा आपोआप लहान होतो. डोंगर जागच्या जागीं राहतो, परंतु भागाची किंमत उतरते.

म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. कंपनीजवळ नेमका कोणता परवाना आहे? तो देणारा कायदा किती स्थिर आहे? आणि खाणीजवळ राहणाऱ्या लोकांची संमति आहे काय? यांपैकीं तिसरा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून न्यायाचाहि आहे. ज्यांच्या अंगणांत खाण होणार, त्यांचें मत जमेस न धरतां केलेला हिशेब शेवटीं चुकतो, हें नार्साकच्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे.