नाव जुने, वाहन नवे

प्रस्तावना

मराठीत ‘नाव’ या शब्दाभोवती किती वाक्प्रचार जमले आहेत, ते आठवून पाहा. नाव कमावणे, नाव राखणे, नाव काढणे, नाव बुडवणे. ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे; पण तेच अनेकवचनात गेले की ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. कारखान्यांतही तशीच एक रीत रूढ झाली असून, बंद पडलेल्या नामांकित गाडीचे नाव नव्या गाडीला दिले जाते. अशा नामकरणातून ग्राहकाला काय मिळते आणि कारखान्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर आवडी नावाचे स्थानक लागते. मराठी माणसाला हे नाव वाचून गंमत वाटते. पण ‘आवड’ या आपल्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. १९५५ साली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचा उल्लेख येतो. पुढे येथे रणगाडे बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६५ साली त्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या रणगाड्याचे नाव होते ‘विजयंत’. टी-७२ या रशियन बनावटीच्या रणगाड्याला येथे ‘अजेय’ म्हटले गेले, टी-९० ला ‘भीष्म’, आणि भारतात आखणी झालेल्या रणगाड्याला ‘अर्जुन’.

रणगाडा काही दुकानात विकायला ठेवत नाहीत. सैन्याचे काम नुसत्या क्रमांकावरही भागले असते. तरीही नाव दिले जाते, कारण क्रमांकाने वस्तू ओळखता येते आणि नावाने तिच्याकडून अपेक्षा करता येते. ‘भीष्म’ म्हटले की न डगमगणारा, ‘अर्जुन’ म्हटले की नेम न चुकणारा, हे सैनिकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आवडीहून चेन्नईकडे निघाले की लगेच अंबत्तूर लागते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्स या कंपनीने येथे ‘बीएसए’ नावाच्या सायकली बनवल्या. त्या महाराष्ट्रातल्या गावोगावीही पोहोचल्या. शाळेला, गिरणीला, दूध घालायला अशा सायकलीवरून गेलेली माणसे आजही भेटतील. बीएसए ही अक्षरे मात्र इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एका बंदुकांच्या कारखान्याची आद्याक्षरे होत. त्या कारखान्याने पुढे मोटारसायकली बनवल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली म्हणजे ‘गोल्ड स्टार’.

या नावामागे एक घटना आहे. ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गावर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्याला सोनेरी ताऱ्याचे एक लहान पदक मिळत असे. १९३७ साली वॉल हँडली या शर्यतपटूने बीएसएच्या गाडीवर ते मिळवले आणि पुढच्या वर्षी आलेल्या गाडीला कंपनीने त्या पदकाचेच नाव दिले. म्हणजे हे नाव कुणा जाहिरातकाराने टेबलाशी बसून शोधलेले नव्हते. ते मैदानात मिळवलेले होते. १९६३ साली या गाडीचे उत्पादन थांबले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी मूळ कंपनीही मोडीत निघाली. २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहातील क्लासिक लेजंड्स या कंपनीने बीएसए हे नाव विकत घेतले. २०२१ च्या डिसेंबरात नवी ‘गोल्ड स्टार’ बर्मिंगहॅममध्येच लोकांसमोर आणली गेली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी ती भारतातही आली.

चेन्नईच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी, तिरुवोट्टियूर आहे. येथील कथा थोडी निराळी आहे. इंग्लंडमधील रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीची ‘बुलेट’ भारतीय सैन्याने पसंत केली आणि १९५५ पासून मद्रास मोटर्सच्या भागीदारीत ती येथे तयार होऊ लागली. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला. काही वर्षांत इंग्रज कंपनीही संपली. मद्रासचा कारखाना मात्र चालूच राहिला. मूळ घर ओस पडले आणि परदेशी दिलेल्या मुलीने माहेरचा कुळाचार चालू ठेवला, असे काहीसे हे झाले. त्यामुळे ‘बुलेट’ या नावाचे पुनरुज्जीवन करण्याची वेळच आली नाही. ते कधी मेलेच नव्हते.

रेडिचच्या कंपनीची दुसरी दोन नावे मात्र विस्मृतीत गेली होती. ‘कॉन्टिनेन्टल जीटी’ ही १९६० च्या दशकातील २५० सीसीची, तरुणांसाठी बनवलेली वेगवान गाडी. ‘इंटरसेप्टर’ ही त्याहून बरीच मोठी, ७३६ सीसीची, दोन सिलिंडरची. ती प्रामुख्याने अमेरिकेत गेली. एनफील्ड कंपनी १९९४ मध्ये आयशर समूहाकडे आली होती. या नव्या मालकांच्या काळात २०१३ साली ‘कॉन्टिनेन्टल जीटी’ हे नाव परत आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात इटलीतील मिलान येथील प्रदर्शनात ६४८ सीसीच्या इंजिनाची ‘इंटरसेप्टर’ दाखवण्यात आली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती भारतात सुमारे अडीच लाख रुपयांपासून मिळू लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुने नाव परत आणताना केवळ टाकीवर अक्षरे रंगवली गेली नाहीत. एनफील्डच्या भारतीय गाड्या तोवर एकाच सिलिंडरच्या असत. ‘इंटरसेप्टर’ म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, हा त्या नावाचा जुना अर्थ होता, म्हणून दोन सिलिंडरचे इंजिन नव्याने आखण्यात आले. नावातच वस्तूचे वर्णन दडलेले असेल, तर ते पाळावे लागते.

तरीही ज्या अमेरिकेत पूर्वीची ‘इंटरसेप्टर’ सर्वाधिक विकली गेली, तेथेच नव्या गाडीला हे नाव लावता आले नाही. होंडा कंपनी १९८० च्या दशकापासून अमेरिकेत आपल्या मोटारसायकलींना ‘इंटरसेप्टर’ म्हणत आली होती आणि तेथे त्या नावावर तिचा हक्क होता. म्हणून अमेरिकेत हीच गाडी ‘आयएनटी ६५०’ झाली. इंग्लंडमध्ये तर हेच नाव एका क्रीडामोटारीचेही होते. जेन्सन कंपनीने ते १९५० साली एका गाडीला दिले आणि ती गाडी बंद झाल्यावर १९६६ मध्ये पुन्हा अगदी वेगळ्या, अधिक देखण्या गाडीला दिले. माणसांच्या नावावर कुणाचा मक्ता नसतो. एका गल्लीत चार रमेश सुखाने नांदतात. व्यापारी नावाचे तसे नाही. ते नोंदवले जाते, विकले जाते आणि त्यासाठी कज्जेही होतात.

(थांबा आणि विचार करा : ‘इंटरसेप्टर’ हे नाव परत आणताना कंपनीला नवे इंजिन का आखावे लागले?)

आता चेन्नईच्याच परिसरातील तिसरे उदाहरण पाहू. ते सुखद नाही. पण शिकण्यासारखे अधिक त्यातच आहे.

‘डॅटसन’ हे जपानमधील फार जुने नाव. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन भागीदारांच्या आद्याक्षरांवरून १९१४ मध्ये ‘डॅट’ नावाची मोटार तयार झाली. १९३१ साली तिची लहान आवृत्ती निघाली, तेव्हा इंग्रजीतील मुलगा या अर्थाचा ‘सन’ शब्द जोडून ‘डॅटसन’ असे नाव बनले. परंतु ‘सोन’ असा उच्चार होणाऱ्या जपानी शब्दाचा अर्थ तोटा. ज्या नावातच तोटा आहे ते व्यापाऱ्याला कसे चालावे? म्हणून स्पेलिंग बदलून शेवटी सूर्य या अर्थाचा ‘सन’ घालण्यात आला. पुढे ही कंपनी निस्सान झाली. १९६९ मध्ये तिने एक क्रीडामोटार आणली. जपानमध्ये ती ‘फेअरलेडी झेड’, तर अमेरिकेत ‘डॅटसन २४० झेड’. लांब नाक, मागे उतरते छप्पर, सहा सिलिंडरचे दमदार इंजिन आणि युरोपीय क्रीडामोटारींच्या मानाने बेताची किंमत! अमेरिकेत तिच्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. जपानी गाडी म्हणजे स्वस्त आणि साधी, हा समज मोडण्यात या गाडीचा मोठा वाटा होता. असे असूनही जगभर एकच नाव असावे म्हणून कंपनीने १९८१ मध्ये ‘डॅटसन’ बाद करून ‘निस्सान’ वापरण्याचा निर्णय घेतला.

तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, ‘डॅटसन’ परत येणार असे जाहीर झाले. १५ जुलै २०१३ रोजी गुरगाव येथे ‘डॅटसन गो’ ही गाडी दाखवण्यात आली आणि मार्च २०१४ पासून ती ३ लाख १२ हजार रुपयांपासून विकली जाऊ लागली. चेन्नईजवळच्या ओरगडम येथील रेनो-निस्सानच्या कारखान्यात ती तयार होत असे. दुचाकीवरून प्रथमच मोटारीकडे वळणारे कुटुंब हा तिचा ग्राहक होता. हेतू वाईट मुळीच नव्हता. स्वस्त मोटार बनवणे हे हिणकस काम नव्हे. उलट ते फार कठीण काम आहे.

पण २०१४ च्या नोव्हेंबरात ‘ग्लोबल एनकॅप’ या वाहनसुरक्षेची तपासणी करणाऱ्या संस्थेने ‘गो’ची टक्कर-चाचणी घेतली आणि प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. चाचणी झालेल्या गाडीत सुरक्षापिशव्या नव्हत्या आणि टकरीत गाडीचा सांगाडाही टिकला नाही. ही विक्रीसाठीची गाडी मागे घ्यावी, असे त्या संस्थेने कंपनीला कळवले. आयुष्यभराच्या बचतीतून पहिली मोटार घेऊन तीत बायको-मुलांना बसवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, म्हणजे या शून्याचा अर्थ कळतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे कुणाला आठवली तर तिला दोष देता येणार नाही. पुढे ‘गो’त सुधारणा झाल्या, ‘रेडी-गो’सारख्या आणखी गाड्या आल्या, पण भारतातील ग्राहकाच्या मनात हे नाव रुजले नाही. एप्रिल २०२२ मध्ये भारतातील डॅटसनचे उत्पादन थांबले.

यात आणखी एक अडचण होती. ‘डॅटसन’ म्हणताच डोळे चमकतील अशी माणसे अमेरिकेत आणि जपानमध्ये होती. ज्यांना गाडी विकायची होती त्या भारतीय कुटुंबांना त्या नावाची आठवणच नव्हती. ज्याने आजोबांना पाहिलेच नाही, त्याला नातवात आजोबा कसे दिसावेत?

आठवणीच्या बाबतीत ‘चेतक’चे भाग्य थोर. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे हे नाव पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने १९७२ मध्ये आपल्या स्कूटरला दिले. या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. लग्नात जावयाला ती देण्याची बोलणी होत, आणि ती प्रथा काही अभिमानाने सांगावी अशी नव्हे. पुढे वडील चालवायला, धाकटे भावंड समोर उभे आणि आई मागे, हे चित्र महाराष्ट्रातल्या किती घरांच्या आल्बममध्ये असेल! सकाळी सुरू होईना म्हणून स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारणारे गृहस्थ प्रत्येक वाड्यात होते. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणे पूर्ण थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा एका वाहनाबरोबर एक काळ गेल्यासारखे अनेकांना वाटले.

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘चेतक’ परत आली. पण विजेवर चालणारी. तिला किक नाही, गिअर नाही, पेट्रोलचा वास नाही. कलती करण्याचा तर प्रश्नच नाही. जानेवारी २०२० मध्ये तिची किंमत एक लाख रुपयांपासून जाहीर झाली आणि प्रथम पुणे व बंगळुरू येथे नोंदणी सुरू झाली. मग जुन्या ‘चेतक’मधले तिच्यात उरले काय? धातूचा पत्रा, गोलाकार बांधा आणि घरातल्या सर्वांनी वापरावे असे वाहन ही ओळख. कंपनीने आकुर्डीच्या जुन्या जागीच या स्कूटरसाठी नवा कारखाना उभारला आणि १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जन्मदिनी, तो सुरू केला. राहुल बजाज स्वतः तो पाहायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते.

याच कंपनीने एकदा उलटा प्रयोगही केला. १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये मुंबईत मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश घेऊन बजाजने २०१६ मध्ये ‘व्ही १५’ ही मोटारसायकल आणली. नौदलाने मात्र आपल्या परंपरेनुसार ‘विक्रांत’ हे नाव कोचीला बांधलेल्या नव्या नौकेला दिले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. एकीकडे जुना धातू गेला, दुसरीकडे जुने नाव. वारसा नक्की कोणाकडे आला, असे विचारले तर बहुतेक लोक नौकेकडेच बोट दाखवतील.

पुण्याच्याच ‘सफारी’चे उदाहरण अजून वादाचे आहे. १९९८ ची सफारी मागच्या चाकांना जोर देणारी, खडबडीत रस्त्याची गाडी होती आणि २०१९ पर्यंत ती चालू राहिली. २०२० च्या वाहनप्रदर्शनात टाटांनी ‘ग्रॅव्हिटास’ नावाची एक गाडी दाखवली. ‘हॅरियर’ या गाडीची ती तीन रांगांची आवृत्ती होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती विक्रीस आली, तेव्हा तिचे नाव ‘सफारी’ झाले होते. ती पुढच्या चाकांवर चालणारी, आरामशीर कौटुंबिक गाडी होती. तीच गाडी, एका वर्षाच्या आत दुसरे नाव! जुन्या सफारीच्या चाहत्यांनी नावे ठेवली आणि नव्या ग्राहकांनी गाडी विकत घेतली.

शब्दार्थ : पुनरुज्जीवन – पुन्हा जिवंत करणे, क्रीडामोटार – वेगासाठी बनवलेली मोटार, मक्ता – एकट्याचा हक्क, कज्जा – भांडण, दावा, कथील – कमी किमतीचा पांढरा धातू, कुळाचार – घराण्यात चालत आलेली रीत.

स्वाध्याय

१. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांचा वाक्यांत उपयोग करून अर्थातील फरक स्पष्ट करा.

२. ‘डॅटसन’ हे नाव भारतात का रुजले नाही? पाठाच्या आधारे दोन कारणे लिहा.

३. नव्या ‘सफारी’ला जुने नाव देणे योग्य होते काय? तुमचे मत आठ ते दहा ओळींत मांडा.

४. तुमच्या घरी किंवा शेजारी जुनी सायकल, स्कूटर किंवा मोटारसायकल असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.