डबा अ‍ॅपवर, वाट गावकऱ्याकडे

प्रश्न : चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीत दहा दिवस जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याचा खेळ) करायचे आहे. सगळे डबे अ‍ॅपवर दिसतात. मग तिथल्या हौशी मंडळींना विचारायची गरज काय?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : गरज आहे, तीही तिकिटे काढण्याआधी. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये या खेळातली पहिली बादली लपवली गेली. तेव्हापासून अक्षांश-रेखांश कुणालाही मिळतात; पण ते जागा सांगतात, वाट नव्हे. तुमच्याकडच्या उंच सोसायट्यांमध्ये फोनवरचा ठिपका भरकटतो, तसाच तो दाट झाडीतही भरकटतो. अवघडपणाचे 1 ते 5 आकडे डबा लपवणाराच ठरवतो, त्यामुळे एकाचा 3 म्हणजे दुसऱ्याचा 4 असू शकतो. शिवाय वटवाघळांच्या शीतनिद्रेमुळे जर्मनीतल्या अनेक गुहा हिवाळ्यात बंद असतात. स्थानिकांना हे तोंडपाठ असते. विचारले तर कोडे फुटेल, ही शंका रास्त. म्हणून लपवण्याची जागा विचारूच नका. मुक्काम कुठे करावा, शेवटची बस किती वाजता, कोणता डबा खरोखर पाहण्यासारखा, एवढेच विचारा. त्यावरून कोणत्या देशात किती दिवस राहायचे हे आधी ठरवायचे, कारण ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करावा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.