पोळी आणि भाकरी

(ज्या अन्नावर सर्वांचे पोषण होते, तेच अन्न एखाद्याला अपायकारक ठरते. गव्हाच्या एका घासापासूनही जपून राहावे लागणाऱ्या मुलांच्या विकाराची, त्याचे कारण शोधून काढणाऱ्या एका डॉक्टरांची आणि अशा मुलांशी आपण कसे वागावे याची हकीकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

सन २०१२ मधील पंधरा ऑगस्टची सकाळ होती. ध्वजवंदन झाले, राष्ट्रगीत झाले आणि मुले आपापल्या वर्गाच्या रांगेत जिलबी घेण्यासाठी उभी राहिली. त्या वेळी मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. दर वर्षी पहिल्या काही मुलांच्या हातावर मी स्वतः जिलबी ठेवीत असे. सहावीतील एक किरकोळ अंगाची मुलगी माझ्यासमोर आली आणि हात मागे घेऊन हळूच म्हणाली, "नको, सर." मला वाटले, पोर लाजते आहे. मी हसून म्हणालो, "अग, आजच्या दिवशी नको म्हणू नये. एका जिलबीने काय होते?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, हात पुढे केला आणि माझ्या देखत ती जिलबी खाल्ली.

पुढे तीन दिवस ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी तिची आई मला भेटावयास आली. त्या दिवशी संध्याकाळपासून मुलीला वांत्या झाल्या होत्या आणि पोटदुखीने ती दोन दिवस अंथरुणावर होती. ते ऐकून मी ओशाळून गेलो. तिच्या आईच्या बोलण्यात राग नव्हता. ती एवढेच म्हणाली, "सर, आत्या, मामी, शेजारीपाजारी, सर्वांना नको म्हणावयास ती शिकली आहे. तुम्हांला मात्र तिला नको म्हणता आले नाही."

मुलांनो, शाळेत मी पुष्कळ वर्षे धडे शिकविले. पण त्या दिवशी मीच एक धडा शिकलो. तो आज तुम्हांला सांगतो.

त्या मुलीला सीलिॲक नावाचा विकार होता. आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य बारीक अंकुर असतात. पचलेल्या अन्नातील सत्त्व शोषून ते रक्ताच्या स्वाधीन करणे हे या अंकुरांचे काम. आपल्या शरीरात रोगजंतूंशी झुंजणारी एक शक्ती असते. ती जणू शरीराचा पहारेकरी होय. सीलिॲक विकारात हा पहारेकरी फसतो. गव्हातील ग्लुटेन नावाच्या पदार्थालाच तो शत्रू समजतो आणि त्याच्याशी झुंजताना घराच्याच भिंती पाडू लागतो. आतड्यातील अंकुर झिजतात, सपाट होतात. मग मूल पोटभर जेवते, पण शरीर उपाशी राहते. पोट फुगते, हातपाय काटकुळे होतात, जुलाब होतात, रक्त कमी पडते, उंची खुंटते. काही मुलांना तर पोटाची तक्रार मुळीच नसते. केवळ चेहरा फिकट दिसतो किंवा वाढ होत नाही. हा विकार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला होत नाही. जगात सुमारे शंभर माणसांत एकाला तो असतो. आपल्या देशात गहू अधिक खाणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत त्याचे प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त आहे.

हे ग्लुटेन डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. मूठभर कणीक घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. तो गव्हातील पिष्टाचा अंश होय. पाणी चार-पाच वेळा बदलल्यावर हातात रबरासारखा ताणला जाणारा एक चिकट गोळा उरेल. तेच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या शहरी बेक्कारी नावाच्या विद्वानाने १७२८ साली अशाच रीतीने ते वेगळे केले होते.

आता स्वयंपाकघरातील दोन शब्द आठवा. आपण पोळी लाटतो आणि भाकरी थापतो. भाकरी सहसा लाटत नाहीत. असे का बरे? कणकेत ग्लुटेन असल्यामुळे तिचा गोळा ताणतो, पसरतो, पण तुटत नाही. ज्वारीच्या पिठात ते नसते. म्हणून ते गरम पाण्याने भिजवावे लागते, तळहाताने नीट मळावे लागते आणि बोटांनी सांभाळीत थापावे लागते. जरा दुर्लक्ष झाले की कडा चिरतात. शास्त्रज्ञांनी ग्लुटेनला नाव देण्यापूर्वीच आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांना हा भेद कळला होता.

या विकाराची ओळख फार जुनी आहे. सुमारे दुसऱ्या शतकात अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले. १८८८ साली लंडनच्या डॉक्टर सॅम्युएल जी यांनी मुलांमधील या विकाराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले आणि बरे होण्याचा काही मार्ग असेल तर तो आहारातच असला पाहिजे, असे मत मांडले. त्यांच्या एका बालरोग्याला रोज हॉलंडमधील शिंपले खाण्यास दिले, तेव्हा त्याची प्रकृती सुधारली. पण पुढच्या हंगामात ते मूल शिंपल्यांना तोंड लावीना! १९२४ साली अमेरिकेतील डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवले. मुले सुधारली. गुण केळ्यांचा, असे त्यांना वाटले. त्या आहारात पाव वर्ज्य होता, या गोष्टीचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी येण्याचा मान हॉलंडमधील विलेम कारेल डिके यांच्याकडे जातो. त्यांचा जन्म १९०५ सालचा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, ते हेग शहरातील ज्यूलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या सुमारास एका आजारी मुलाच्या आईने त्यांना सांगितले, की मुलाच्या आहारातून पाव काढला म्हणजे त्याच्या अंगावरील पुरळ लवकर कमी होते. युरोपात पावाचे स्थान आपल्याकडील पोळी-भाकरीचे. पाव खाऊन कोणी आजारी पडते, असे म्हणणे लोकांना वेडगळपणाचे वाटले असते. पण डिके यांनी त्या आईचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी काही मुलांना गव्हावाचून ठेवून पाहिले आणि आलेला अनुभव १९४१ साली लिहून प्रसिद्ध केला.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाची भयंकर टंचाई पडली. त्या काळाला तेथील लोक आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. पाव दिसेनासा झाला. ट्यूलिप फुलांचे कंद उकडून लोकांनी दिवस काढले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा त्या दिवसांत सीलिॲक विकाराची मुले मात्र सुधारताना दिसली, आणि युद्ध संपून पाव पुन्हा मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला. तरीही ते थांबले नाहीत. मुलांना पाळीपाळीने निरनिराळी धान्ये देऊन, त्यांचे वजन करून, त्यांच्या शौचाची तपासणी करून त्यांनी पुरावा गोळा केला. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठास त्यांनी आपला प्रबंध सादर केला. पुढे आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की दोष गव्हातील पिष्टाचा नसून ग्लुटेनचा आहे. एका आईच्या साध्या बोलण्यापासून या प्रबंधापर्यंत सुमारे चौदा वर्षे लोटली होती. १९६२ साली डिके निवर्तले.

आज रक्ताच्या तपासणीने आणि आतड्याच्या अस्तराचा कण तपासून या विकाराचे निदान होते. मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडला तर विकार दडून राहतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी तसे करू नये. निदान झाल्यावर उपाय एकच: गहू, जव आणि युरोपात पिकणारे राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे. तसे केले म्हणजे आतड्यातील अंकुर हळूहळू पुन्हा उगवतात आणि मूल वाढीस लागते.

ऐकावयास हे सोपे वाटते. त्या मुलीच्या आईने आपल्या घरची हकीकत मला सांगितली, तेव्हा त्यातील कष्ट मला उमगले. पोळी, पाव, बिस्किटे, शेवया यांत गहू असतो, हे कोणीही सांगेल. रवा आणि मैदा हेही गव्हाचेच. म्हणून शिरा, उपमा, करंजी, शंकरपाळे आणि माझी ती जिलबी, सारेच वर्ज्य. पण मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा गहू असतो. बाजारच्या हिंगाच्या पुडीत कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे एवढ्याशा हिंगाने आमटीही वर्ज्य होते! त्यांनी ज्वारी दळून आणली, तरी मुलीचे पोट दुखेना असे होईना. कारण गिरणीत आधी कोणाचा तरी गहू दळलेला असे आणि त्याचे पीठ ज्वारीत मिसळे. शेवटी त्यांनी घरघंटी आणली. मुलीचा तवा, परात आणि पोळपाट वेगळे केले. यात अतिरेक मुळीच नाही. 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिलेल्या एक किलो पदार्थात वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारा कण!

सुदैवाने आपल्या भूमीत पर्यायांची वाण नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ग्लुटेन नाही. देशावरची भाकरी, कोकणातील घावन, पोहे, उकडीचे मोदक हे सर्व तिला चालत असे. उपवासाचे साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा हेही तसेच. "एकादशी आणि दुप्पट खाशी," असे म्हणून तिची आजी हसे. कारण घरातील सर्वांच्या पानात आणि तिच्या पानात एकच पदार्थ पडण्याचा तो दिवस असे.

"स्वयंपाकाचे जमले, सर, कठीण पडते ते पंगतीत," तिची आई म्हणाली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणे हा आतिथ्याचा भाग आहे. नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक वाढण्यात वाढणाऱ्याला आनंद वाटतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ती मुलगी कपाळाला लावून वडिलांच्या हातावर ठेवी, तेव्हा कोणी म्हणे, "प्रसाद नाकारू नये." मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती आपला डबा घेऊन जाई, तेव्हा कोणी म्हणे, "काय हे लाड!" आणि मुख्याध्यापक म्हणाले, "एका जिलबीने काय होते?" प्रत्येकाचा हेतू चांगला होता, पण त्या सर्वांपुढे आपला निश्चय टिकविण्याचे ओझे अकरा वर्षांच्या एका मुलीच्या शिरावर पडत होते.

पुढील सव्वीस जानेवारीला सहावीच्या वर्गासाठी आम्ही राजगिऱ्याच्या लाह्या आणि गूळ यांचे लाडू केले. नवी कढई आणली आणि तिच्या आईला देखरेखीस बोलाविले. रांगेत ती मुलगी माझ्यासमोर आली. मी लाडू पुढे केला नाही. आधी विचारले, "हा तुला चालेल ना, बाळ?"

ती हसली. "चालेल, सर," असे म्हणून तिने आपणहून हात पुढे केला.

मुलांनो, तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल. त्याची कीव करू नका आणि त्याला आग्रहही करू नका. "तुला चालेल का?" एवढे विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर ते मनापासून माना.

शब्दार्थ

किरकोळ अंगाची – सडपातळ. ओशाळणे – लाजिरवाणे वाटणे. लव – बारीक, मऊ केस. पिष्ट – धान्यातील पांढरा सत्त्वांश. वर्ज्य – टाळावयाचे. वाण – उणीव. निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लहान आतड्यातील अंकुरांचे काम कोणते?
(आ) तपासणीपूर्वी गहू का सोडू नये?
(इ) त्या घरी घरघंटी का आणावी लागली?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोळी लाटतात आणि भाकरी थापतात, याचे कारण काय?
(आ) केळ्यांच्या आहाराने मुले का सुधारली असावीत?
(इ) डिके यांच्या अंगचे कोणते गुण या पाठात दिसतात?

३. "तुम्हांला मात्र तिला नको म्हणता आले नाही," या वाक्याचा लेखकाच्या मनावर काय परिणाम झाला असेल? आपल्या शब्दांत लिहा.

४. वाक्यांत उपयोग करा: ओशाळून जाणे, हसण्यावारी नेणे, वाढीस लागणे, ध्यानी येणे.

५. लाटणे, थापणे, मळणे यांसारखी स्वयंपाकातील आणखी सहा क्रियापदे लिहा आणि प्रत्येक कोणत्या पदार्थासाठी वापरतात ते सांगा.

६. उपक्रम: आपल्या घरी आठवडाभर झालेल्या पदार्थांची यादी करा. घरातील वडील माणसांना विचारून, त्यांपैकी कशात गहू आहे आणि कशात नाही, ते पुढे लिहा.