आधी पिशवीची किंमत विचारा

रांगोळी फरशीवरून निघते, यंत्राच्या पोटातून निघत नाही. हे ज्ञान प्रस्तुत लेखकाला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, कोथरूडमधल्या स्वतःच्या घराच्या दारात झालं. त्याच्या हातात तेव्हा जेमतेम महिन्याभरापूर्वी घेतलेल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती, आणि मागे उभ्या असलेल्या आई म्हणत होत्या, "केरसुणी काय चावत होती का रे तुला?"

यंत्र नवरात्रातल्या ऑनलाइन सेलमध्ये साडेचार हजारांत मिळालं होतं. खोक्यावर ठळक अक्षरात '२०००', खाली 'वॅट', शेजारी 'सायक्लोन', कोपऱ्यात 'हेपा'. इतके शब्द एका खोक्यावर असल्यावर माणूस आणखी काय बघणार? लेखकाने रंग बघितला. तांबडा होता, छान होता.

पहिले तीन आठवडे कौतुकाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. पंख्याची पाती, खिडकीच्या सरकत्या काचांच्या रुळात साठलेली माती, पुस्तकांच्या कपाटाचा माथा, सगळं लख्ख झालं. सोफ्याच्या फटीतून शेंगदाण्याची टरफलं, एक पेनाचं टोपण आणि रुपयाची दोन नाणी निघाली. मग आली ती रांगोळी. ती म्हणजे शिरगोळ्याची, दगडाची बारीक पूड. ओढताना गंमत वाटते, रंगाचे पट्टे सरसर नळीत जातात. दुसऱ्या मिनिटाला यंत्राचा आवाज चढला, किनरा झाला, आणि ओढ थांबली.

त्या चढलेल्या आवाजाचा अर्थ तेव्हा कळला असता तर बरं झालं असतं. फिल्टर तुंबला की आतून हवा वाहत नाही. ओढायला हवाच नाही म्हटल्यावर पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटर मोकाट सुटल्यासारखी जास्त वेगाने फिरते. घरगुती कोरड्या यंत्रांत बहुधा हीच वाहती हवा मोटरला थंडही ठेवते. म्हणजे आवाज चढला की 'जोरात चाललंय' असं समजून नळी आणखी दाबून धरणं हा मोटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग. लेखकाने तो सुमारे पाच मिनिटं अवलंबला.

नंतर फिल्टर नळाखाली धुतला, अर्धा तास उन्हात ठेवला आणि अर्धवट ओला असतानाच बसवला. पुढचे आठ दिवस यंत्र सुरू केलं की घरभर भिजलेल्या पोत्याचा वास. हा अपराध यंत्राचा नव्हे. धुता येणारा फिल्टरसुद्धा पूर्ण सुकायला सावलीत चोवीस तास द्यावे लागतात, आणि काही फिल्टर धुवायचेच नसतात, ते बदलायचे असतात. तसं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. माहितीपत्रक खोक्यात होतं, खोकं माळ्यावर.

यंत्राचा स्वतःचा अपराध पुढच्या उन्हाळ्यात उघडा पडला. नळी जिथे मुठीला जोडलेली असते, त्या मानेपाशी ती चिरली. वॉरंटी अजून शिल्लक होती. ग्राहक सेवेच्या फोनवर आधी बराच वेळ संगीत ऐकायला मिळालं, मग सांगण्यात आलं की नळी ही 'अ‍ॅक्सेसरी' असल्याने वॉरंटीत बसत नाही. ठीक, विकत द्या. तर विकत देण्यासाठी ती उपलब्धही नाही, कारण ते मॉडेल बंद झालंय. आठ महिन्यांचं यंत्र, आणि त्याचं मॉडेल बंद!

पुण्यात विजेच्या वस्तूचं काही अडलं की पाय बुधवार पेठेकडे वळतात. तापकीर गल्लीच्या आसपास वायर, पंखे, मोटरी यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी यंत्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते उलटं केलं. पोटाखाली बोटभर चंदेरी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं '१२०० वॅट'.

"साहेब, ही पिन बघा," काका म्हणाले. "बारकी. सहा अँपियरची. हिच्यातून दोन हजार कसे जाणार?"

शाळेत शिकलेला गुणाकार इतक्या वर्षांनी उपयोगी पडला. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपियर म्हणजे १३८० वॅट. खरोखर २००० वॅटचं यंत्र पावणेनऊ अँपियरच्या आसपास वीज घेईल, त्याला गिझरसारखी जाड पिन आणि मोठं सॉकेट लागेल. खोक्यावरच्या २००० च्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'कमाल' होतं, ते घरी आल्यावर दिसलं. काकांनी एवढंच सांगितलं, "नळी आणा, बसवून देतो. पैसे पण नको. पण आणणार कुठनं?"

बाकीची शिकवणी या एका प्रश्नातून निघाली.

वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं. किती कचरा ओढतं हे त्यातून कळत नाही, जसं जेवण किती यावरून माणसाचं काम कळत नाही. युरोपीय संघाने तर सप्टेंबर २०१४ मध्ये १६०० वॅटच्या वरच्या आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरच्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची विक्रीच बंद केली. तिथल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असतात, ते ९०० वॅटमध्ये स्वच्छ होतात. आपली फरशी आणि दोन गाद्या कशा होणार नाहीत? गंमत अशी की तिथल्या ऊर्जा-लेबलांनाही नंतर न्यायालयाने रद्दबातल केलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये डायसन कंपनीच्या दाव्यात निकाल लागला, आणि मुद्दा फार घरगुती होता: चाचण्या पिशवी रिकामी असताना घेतल्या जात होत्या, आणि घरात कुणी रिकाम्या पिशवीने केर काढत नाही.

त्यामुळे विक्रेत्याला दोन आकडे विचारावेत. ओढ किती किलोपास्कल आणि हवेचा प्रवाह सेकंदाला किती लिटर. इथेही एक मेख आहे. ओढीचा मोठा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद असतानाचा असतो, प्रवाहाचा मोठा आकडा तोंड पूर्ण उघडं असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. २० किलोपास्कल आणि ४० लिटर असं छापलेलं असेल तर गुणाकार ८०० वॅट येतो, पण प्रत्यक्षात मिळणारी ओढण्याची ताकद ढोबळमानाने त्याच्या चौथाईएवढी, म्हणजे २०० वॅटच्या घरात असते. दुकानदाराला हे दोन आकडे माहीतच नसतील तर त्याच्याशी रंगाबद्दल बोलावं.

पुण्याच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. शेजारी एक इमारत पडत असते, समोर एक उभी राहत असते, रस्ता कुणीतरी खणून ठेवलेला असतो. त्यात गाजर गवत. या परदेशी गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमाराला पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागांनी शिंका आणि दम्याचा त्रास होणारी माणसं आजही घरोघरी आहेत. अशा घरात यंत्र पुढून किती ओढतं याच्याइतकंच मागून काय सोडतं हे महत्त्वाचं. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण रोखण्याच्या गरजेतून तो घडला. 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' याला असा काही अर्थ नाही. एच-१३ सारखा दर्जा छापलेला असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय फिल्टर उत्तम आणि त्याच्या भोवतीचं रबर ढिलं असेल तर धूळ बाजूने निघते. रात्री खोलीत अंधार करून हवा बाहेर पडते तिथे टॉर्च मारली की प्रकाशाच्या झोतात सगळं दिसतं. लेखकाच्या तांबड्या यंत्रामागे अशाच एका रात्री आकाशगंगा दिसली.

दम्याचा माणूस घरात असेल तर पिशवीवालं यंत्र बरं. पिशवीविरहित टाकी रिकामी करताना निम्मी धूळ पुन्हा नाकात जाते. पण पिशव्या विकत घ्याव्या लागतात, म्हणून त्यांची किंमत आणि त्या कुठे मिळतात हे यंत्राच्या किमतीआधी विचारावं. पाणीही ओढणाऱ्या यंत्रात ओलं काम करण्याआधी कागदी पिशवी काढायची असते, नाहीतर आत लगदा होतो. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी घरी काढता येते का आणि सुटी मिळते का, हे पाहावं. रोबोबद्दल थोडक्यात: उंबरठे, पायपुसणी आणि चार्जरच्या वायरी असलेल्या घरात तो दिवसातून तीनदा अडकतो आणि माणसाला हाका मारतो.

यंत्र घेण्याआधी ते चालवून बघणं सर्वांत सोपं, आणि नेमकं तेच आता होत नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने भारतात हे यंत्र रुजवलं ते दारोदार माणसं पाठवून. टाय लावलेला तरुण घरात यायचा, तुमच्याच गादीवर यंत्र फिरवायचा आणि निघालेली धूळ तुम्हालाच दाखवायचा. यजमान ओशाळायचे, पण यंत्र पारखलं जायचं. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथने उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून हवा ओढली आणि ठसका लागेपर्यंत धूळ गोळा केली. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला आणि धूळ फुंकण्याऐवजी ओढायची ही कल्पना पक्की झाली. तो रुमाल आपल्याही खिशात असतो. दुकानात नळीच्या तोंडाशी तो ताणून धरावा, दुकानातल्याच सोफ्यावर अर्धं मिनिट फिरवावं आणि मागची बाजू बघावी. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

तक्रारीबाबत लेखक आळशी ठरला, हेही लिहायला हवं. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, त्या शहरात राहून त्याने दोन फोन केले आणि गप्प बसला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात निवारण करायचं असतं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. लेखकाला हे सगळं कळलं तेव्हा बिल ईमेलमध्ये होतं, खोक्यावरच्या '२०००' चा फोटो नव्हता, आणि खोकं तोवर रद्दीत गेलं होतं. खोकं किमान वॉरंटीभर ठेवा, निदान चारही बाजूंचे फोटो काढा.

दुसरं यंत्र घेताना लेखकाने आधी सेवा केंद्रात फोन केला. नळी, फिल्टर, पिशव्यांचा संच, तिन्हींच्या किमती वहीत उतरवल्या आणि त्या वस्तू फळीवर खरंच आहेत का हे स्वतः जाऊन पाहिलं. मग यंत्र घेतलं. ते १००० वॅटचं आहे, करड्या रंगाचं आहे, आणि तांबड्यापेक्षा जास्त ओढतं. तांबड्याची मोटर शाबूत होती, ती काकांनी ठेवून घेतली. दुकानातल्या जुन्या पंख्यांवरची धूळ उडवायला ती वापरतात. भाऊबीजेनंतर दारातली रांगोळी आता आई केरसुणीनेच भरतात.